पाव्हण्याला लावलेलं तेल

आमच्या तेर गावच्या घरात आढ्याला एक पाव्हणा टांगलेला असायचा. घाबरू नका, जाकीट होतं ते. खोल पाण्यात उतरणारी माणसं अंगात घालतात तसलं, हवा भरली की टम्म फुगणारं आणि सोडली की चिपाड होणारं. आण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या गोदीत बारा वर्षं पाण्याखालची कामं करून गावी परतले, तेव्हा त्यांच्या मुकादमानं निरोपाला म्हणून ते मोडीत निघालेलं जाकीट, हवेचे दोन सिलिंडर, तोंडात धरायची नळी आणि खाली बुडायला वजन म्हणून बांधायचा शिशाचा कमरपट्टा दिला होता. गावातली बाकीची माणसं मुंबईहून येताना रेडिओ आणायची, घड्याळं आणायची. आमच्या आण्णांनी हे आणलं. माय ट्रंकेत वाकून बघत म्हणाली होती, "बारा वरसं पान्यात काढून हे इरलं आणलं व्हय?" आण्णा नुसते हसले होते. ते हसले की समोरच्याला पुढं बोलायला जागाच राहायची नाही.

पाव्हणा हे नाव शेजारच्या काशीबाईनं ठेवलं. एकदा दिवेलागणीला ती विरजण मागायला आली आणि दारातच थबकली. आढ्याला फुगलेलं जाकीट, त्याची नळी खाली लोंबतीय, आणि अंधुक उजेडात ते भिंतीकडं तोंड करून उभं असल्यासारखं. "अगं बया, पाव्हणं आल्यात न्हवं का!" म्हणून तिनं झटकन डोक्यावर पदर ओढला आणि विरजण न घेताच माघारी गेली. माय हसून हसून खाली बसली. तेव्हापासून घरात त्याला जाकीट कुणी म्हणालंच नाही. "पाव्हण्याला पानी पाजलं का?" "पाव्हण्याला सावलीत घे." अशीच आमची बोली झाली, आणि परक्या माणसाला वाटायचं, ह्यांच्याकडं कोण लई मोठं येऊन राहिलंय.

आण्णांचं काम विहिरीतलं. आमच्या भागात पाऊसकाळ झाला की विहिरी तुडुंब होतात, आणि नेमक्या तेव्हाच कुणाच्या मोटारीचा दोर कुजतो, कुणाचा पाइप निखळतो आणि मोटार तळाला जाऊन बसते. पाणी उपसून काढायचं तर त्यालाही मोटारच लागते. मग येडशीपासून बेंबळीपर्यंतची माणसं आमच्या दारात यायची. आण्णा सायकलवाल्या इस्माईलचाचांना बरोबर घेऊन जायचे. चाचांचं बसस्टँडाजवळ पंक्चरचं दुकान होतं, आणि आण्णांचा दोर ते सोडून दुसऱ्या कुणाच्या हातात कधी गेला नाही. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, तीन हिसके म्हणजे ओढा. सिलिंडर संपले की ट्रकवरच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आण्णा पुण्याला जाऊन भरून आणायचे. एवढाच सगळा कारभार.

खरं काम असायचं ते घरात. विहिरीतून आलं की पाव्हण्याच्या नळीतून आत गोडं पाणी ओतायचं, तान्ह्या पोराला हलवावं तसं त्याला हलवायचं, मग उलटं धरून सगळं पाणी नळीतूनच काढायचं. असं तीनदा. पहिल्या पाण्याबरोबर गाळ यायचा, कधी शेवाळ, एकदा एवढीशी मासोळी आली होती. नंतर अर्धी हवा भरून सावलीला टांगायचं, म्हणजे आतला रबराचा फुगा एकमेकाला चिकटत नाही. उन्हात मात्र नाही. आता धाराशिवात माझ्या घरी दुरुस्तीला जाकिटं येतात, बुडालेल्या माणसांना शोधणारी पथकातली पोरं येतात, आणि त्यांतलं एखादं सांगतं की मावशी, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. माझं डोकंच फिरतं. म्हणते, बाबा, तुझी कातडी वाळव की गच्चीवर, ह्या रबरानं तुझं काय घोडं मारलंय? पोरं हसतात. त्यांना वाटतं मावशी गमतीनं बोलते.

फुगा गळायला लागला की चेन उघडून तो बाहेर काढायचा आणि हौदात दाबून धरायचा. बुडबुडे येतील तिथं काडीनं खूण. मग पुसून, वाळवून, काचकागदानं घासून, सोल्युशनचं बोट फिरवायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला चाचांनी शिकवलं. "बेटा, बोटाला चिकटतंय तोवर जल्दी नको. चिकटायचं थांबलं की मग बिठाव." मी दहा वर्षांची असल्यापासून त्या वासावर वाढले. अजूनही सोल्युशनची ट्यूब उघडली की मला आधी चाचांची मेंदी लावलेली दाढी आठवते.

वरच्या कापडाची शिवण मायची. ती गावाची झंपर शिवायची, आणि तिच्या मशीनचा आवाज आमच्या घराला कायम असायचा, सकाळी भाकरी थापायच्या आवाजानंतर तोच. पट्टा उसवला, खिसा फाटला की आण्णा जाकीट तिच्यापुढं ठेवायचे. ती आधी फुग्यातली हवा काढायला लावायची, शिवाय कापड आणि फुगा यांच्यामध्ये एक पितळेची ताटली सारायची, म्हणजे सुई निसटली तरी फुग्यात न शिरता ताटलीवर वाजावी. जाड दोरा, दुहेरी टाका, आणि शेवटी दातानं दोरा तोडून म्हणायची, "जावा आता कुटं बुडायचं तितं बुडा." पण ती स्वतः कुठल्या विहिरीवर कधी गेली नाही. तिच्या माहेरी तिची धाकटी बहीण आडात गेली होती. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही.

आण्णांचा एक नेम होता. कामाच्या आदल्या संध्याकाळी पाव्हण्यात पुरती हवा भरून त्याला आढ्याला टांगायचं. सकाळी मायनं चूल पेटवायच्या आधी अंगठ्यानं दाबून बघायचं. अंगठा रुतला नाही की ती म्हणायची, "पाव्हणा ताजातवाना हाय." रुतला की, "पाव्हण्याचं प्वाट खपाटीला गेलंय, आज कुटं जायचं न्हाय." तिनं नाही म्हटलं की आण्णा जायचे नाहीत, मग दारात गाडी उभी असली तरी. काम करून आले की त्यांना हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं लागायचं, वर तूप आणि लसणाची फोडणी. दोन्ही हातांत वाटी धरून ते फुंकत बसायचे, आणि मी तेवढ्यात पाव्हण्याला हौदावर न्यायची.

आता झडपेबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं. जाकिटात सिलिंडरची हवा बटण दाबून भरता येते, ती हवा त्या माणसाला वर उचलून धरते. जास्त झाली तर बाहेर सोडायला उजव्या खांद्यावर दोरी ओढून उघडायची एक झडप असते. आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगखाली रुपयाएवढं पातळ रबरी वायसर. ते वायसर नीट बसलं तर हवा आत राहते, नाही बसलं तर सगळी मेहनत फुकट. त्या झडपेला आण्णा स्वतः हात लावायचे. मुंबईहून आणलेल्या एका छोट्या डबीतलं पांढरं ग्रीस तीळभर घ्यायचे, वायसरला फिरवायचे आणि डबी बंद. मी मांडीला मांडी लावून बघत बसायची. हेच का, दुसरं का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात पोरींना फार समजावून सांगायची पद्धत नव्हती, बघून बघून शिकायचं.

मी नववीत होते. नवरात्रात आण्णा सिलिंडर भरायला पुण्याला गेले ते दसऱ्याच्या दुपारी येणार होते. मधे खंडेनवमी आली. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासून, पुसून, तेल लावून मांडायची आणि पुजायची ही आमच्याकडची रीत. मायनं पुरण शिजत घातलं होतं, कटाच्या आमटीचा वास घरभर सुटला होता, आणि तिनं मला हाक मारून सांगितलं, "सगळ्या हत्यारांस्नी त्याल लाव गं, आन् घोंगड्यावर मांड." मी करडईच्या तेलाची वाटी घेतली. मायचं मशीन, कात्री, विळा, कुऱ्हाड, आण्णांचे हुक, साखळी, नटबोल्टाचे पाने, सगळ्यांना तेल लावलं. शेवटी पाव्हण्याला आणून मांडलं. मला वाटलं, कुऱ्हाडीला तेल आणि ह्याला नाही, हे कसं? सगळ्यात मोठं हत्यार तर हेच, ह्याच्यावर आण्णांचा जीव असतो. मी झडप उघडली. कापसाचा बोळा तेलात बुडवून ते वायसर वरून-खालून चांगलं माखलं, पुन्हा एकदा माखलं, मायेनं. झडप बसवली, दोरी ओढून बघितली, तर काय सुरेख उघडझाप व्हायला लागली! मग तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

दसऱ्यानंतर आण्णांनी एकदा पाव्हण्याला टांगून बघितलं. सकाळी अंगठा रुतला नाही. तेलाला रबर खायला वेळ लागतो, हे मला पुढं कळलं. मग महिनाभर काम आलं नाही. त्या महिन्यात उजव्या खांद्याचा पट्टा जरा उसवला होता, तो मायनं दिवाळीच्या आधी शिवला. हवा काढून, ताटली सारून, सगळं नेहमीसारखं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाच्या तिथी सुरू झाल्या. एके दुपारी बेंबळीचे भगवानतात्या ट्रॅक्टर घेऊन दारात. त्यांच्या लेकीचं लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडव पडलेला, वऱ्हाड येणार, आणि विहिरीतली मोटार पाइपासकट तळाला गेलेली. तात्या रडकुंडीला आले होते. "काय बी करा, पर आजच्या आज काढा. इज्जत जाईल बगा माजी." आण्णांनी आढ्याकडं बघितलं. पाव्हणा चिपाड लोंबत होता. माय म्हणाली, "रातभर टांगल्याबिगर?" आण्णा म्हणाले, "लेकीचं लगीन हाय त्यांच्या," आणि पाव्हण्याला खाली काढलं. चाचा ट्रॅक्टरवर चढले, आण्णा चढले. मायनं भाकरी बांधून दिली आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईस्तोवर ती दारात उभी राहिली.

अंधार पडता पडता ट्रॅक्टर परत आला. आण्णा घोंगडीत गुंडाळलेले, ओठ निळे, एका कानातून रक्ताचा बारीक ओघळ वाळलेला. चाचांनी त्यांना धरून आत आणलं आणि ओट्यावर बसून मायला सगळं सांगितलं. "भाभी, सात परस पाणी होतं." एक परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहील एवढी खोली. "हे गेले, मोटारीला साखळी बांधली असेल. मग पाण्यावर एकदम लई बुडबुडे. मला वाटलं, येतायत वर. पण येईनातच. रस्सी माझ्या हातात, खालून इशारा नाही. ती पाइपात अटकली होती, भाभी, हे खालून ओढतायत आणि मला कळतच नाही." जाकिटात भरलेली हवा भसाभसा निघून जात होती. पाय गुडघ्यापर्यंत गाळात. शेवटी आण्णांनी कमरेचा शिशाचा पट्टा सोडून दिला आणि भिंतीला टेकलेला पाइप हातानं धरत धरत वर आले, ते धडपडीत तोंडातली नळी सुटल्यामुळं पुरते पाणी पिऊनच. मोटार तिथंच राहिली, पट्टाही तिथंच राहिला. तात्यांनी दुसऱ्या दिवशी टँकर आणून लग्न उरकलं, हे नंतर कळलं.

"हवा कुटनं जात हुती?" मायनं विचारलं.

"खांद्यातून," आण्णा पहिल्यांदाच बोलले. "उजव्या."

मायचा चेहरा मी आजही विसरले नाही. उजव्या खांद्याची शिवण तिची होती. ती उठली, चुलीपाशी गेली, माडगं केलं, त्यांना पाजलं, कानात ऊन तेलाचा बोळा घातला. सकाळी बघते तर मशीनवर जुनं लुगडं झाकून तिनं ते कोपऱ्यात सरकवलेलं. "सुई एकदा निसटली हुती," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "ताटलीवर वाजल्यासारकं वाटलं मला. वाजली नसंल."

आण्णांना ताप भरला. तीन दिवस घरात मशीनचा आवाज नाही. आधी कधी त्या आवाजाकडं माझं लक्षही गेलं नव्हतं, आणि आता घर खायला उठायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी माय नदीवर धुणं घेऊन गेली, आण्णांचा डोळा लागला होता. मी पाव्हण्याला हौदावर नेलं. मायची सुई कुठं लागली ते शोधून ठिगळ लावावं, एवढंच माझ्या मनात. तोंडानं हवा भरली आणि दाबून धरलं. शिवणीवरनं बोट फिरवत गेले. एक बुडबुडा नाही. फुगा काढून नुसता बुडवला, तरी काही नाही. परत सगळं बसवलं आणि झडप पाण्याखाली घेतली, तर तिथून माळेसारखे बुडबुडे सुटले.

मी झडप उघडली. वायसर फुगून वेडंवाकडं झालेलं, कडा भाजलेल्या पापडासारखी वर आलेली. हात लावला तर बुळबुळीत. नाकाशी नेलं. करडईचं तेल.

मी हौदाच्या कठड्यावर बसूनच राहिले. आण्णांच्या डबीत दोन नवी वायसरं होती. एक काढून बसवलं, पांढरं ग्रीस तीळभर, ते करायचे तसंच. पाण्यात बुडवून बघितलं, थेंबभर हवा जाईना. पाच मिनिटांचं काम. जुनं वायसर मी परकराच्या नाडीत खोचलं. तेरणा नदीत टाकून दिलं असतं तर जगात कुणाला काही कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, टाकायचा विचार मी केला होता. दोनदा नदीपर्यंत जाऊनही आले. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी भित्री होते. आण्णांना काय वाटेल ह्याचीच भीती मोठी. मायचं काय चाललंय ते दिसत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

चौथ्या दिवशी काशीबाई झंपराचं कापड घेऊन आली. भाच्याचं लग्न होतं तिच्या. माय तिला म्हणाली, "दुसरीकडं शिवून घे बाई. माज्या हाताचा भरोसा न्हाय राहिला." काशीबाई बघतच राहिली. आण्णा भिंतीला टेकून बसलेले, त्यांनी इकडं बघितलं, पण काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, ते म्हणतील, असं काय बोलतीस. तसं ते म्हणाले नाहीत. आता मला कळतं की ताप होता, कान बंद होता, त्यांना नीट ऐकूही आलं नसेल. पण तेव्हा ते गप्प बसलेले बघून माझ्याच्यानं राहवेना.

काशीबाई गेली, मायनं ताटं वाढली. उडदाचं घुटं होतं आणि भाकरी. मी नाडीतलं वायसर सोडवलं आणि आण्णांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"पाव्हण्याचं वायसर. शिवण चांगली हाय, आण्णा. मायची सुई न्हाय लागली. म्या त्याल लावलं हुतं."

आण्णांनी ते उचललं, नाकाशी नेलं. "करडई?"

"व्हय. खंडेनवमीला."

"कशापायी?"

"सगळ्यात मोटं हत्यार त्येच म्हनून," मी म्हणाले आणि मला हुंदका आला. "तुमचा जीव असतो म्हनून जास्त लावलं. दोनदा लावलं."

कुणीच जेवेना. मग माय म्हणाली, "तिला कशापायी बोलता? सगळ्यास्नी त्याल लाव म्हनून म्याच सांगितलं. माजीच चूक हाय." आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हिला त्यालाचं कदी सांगितलं न्हाय म्या," ते म्हणाले. "तू रातभर टांगा म्हनत हुतीस तर येक दिस थांबलो न्हाय म्या. तुमी दोगी कशाला भांडताय?" आणि त्यांना हसू आलं, खोकला आला, पुन्हा हसू आलं. माय रागानं म्हणाली, "हसताय काय! मेला असता की." आणि मग तीच पदरात तोंड घालून रडायला लागली. चार दिवसांचं रडं होतं ते. मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं. घुटं थंड होऊन गेलं.

बऱ्याच वेळानं आण्णांनी विचारलं, "नवं वायसर कुणी बसवलं?"

"म्या."

"ताप उतरला की टांगा पाव्हण्याला."

मागच्या वर्षी पथकातल्या एका पोरानं माझ्याकडं जाकीट आणलं, झडपेत तेल ओतलेलं. कुणी ओतलं म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडं बघितलं. विशीतलं पोर, घामाघूम झालेलं. माझं तोंड आपोआप मिटलं. त्याला बसवलं, चहा दिला, आणि रबराला तेल का चालत नाही हे पहिल्यापासून सांगितलं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आण्णांचा ताप उतरायला आठवडा लागला. मग एका संध्याकाळी पाव्हण्याला पुरती हवा भरून टांगलं. सकाळी आण्णांनी मायला हाक मारली. "दाब." ती पुढं येईना. "दाब म्हंतो." तिनं अंगठा टेकवला, मग जोर लावला, मग दोन्ही हातांनी दाबून बघितलं. अंगठा रुतला नाही. पण ताजातवाना हाय, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "तुमी खरंच जानार? त्याच हिरीत?"

"मोटार तितंच हाय. माजा पट्टा तितंच हाय."

"दुसरं कुनी काडंल. आवं, पोरीनं बसवलीया झडप, पोरीनं!"

"म्हनून तर," आण्णा शिरा ताणून म्हणाले, कान अजून धड नव्हता. "म्या आज गेलो न्हाय तर ही पोर ह्या जन्मात कशाला हात लावनार न्हाय. आन् तूबी लावनार न्हाय."

माय आत गेली, लुगडं बदलून आली आणि भाकरीचं फडकं हातात घेऊन दारात उभी राहिली. "मंग मीबी येते," ती म्हणाली. आण्णा वळून तिच्याकडं बघतच राहिले. चाचांनी तात्यांनी पाठवलेल्या ट्रॅक्टरवर गोणपाट अंथरलं आणि म्हणाले, "आवो भाभी, बैठो."

बेंबळीची ती विहीर मी पहिल्यांदा बघितली. काळं पाणी, कडेला औदुंबर, आणि भगवानतात्या अपराध्यासारखे उभे. माय काठापासून दहा हात लांब, औदुंबराचं खोड धरून. आण्णांनी शिशाच्या पट्ट्याऐवजी चाचांच्या ओळखीच्या दुकानातली लोखंडी वजनं कमरेला बांधली, दोर आधी हातानं ओढून बघितला, मला जवळ बोलावलं आणि उजवा खांदा पुढं केला. मी झडपेची दोरी ओढली. फुस्स. सोडली. गप्प. त्यांनी मान हलवली आणि उतरले.

पाणी मिटलं. मी बुडबुडे बघत होते. वर येत होते ते श्वासाचे, एक झुपका, मग थांबून दुसरा. चाचा दोर धरून, ओठ हलवत. दोराला एक हिसका आला. ठीक आहे. बराच वेळ काही नाही. माय खोड सोडून एक पाऊल पुढं आली, मग अजून एक. पुन्हा एक हिसका. मग साखळी ताणली, तात्यांची माणसं कप्पीवर ओढायला लागली, मोटार गाळासकट वर आली, लोकांनी ओरडा केला, पण माझं लक्ष पाण्यात. आणि मग पाण्यातून आण्णांचं डोकं वर आलं, मागोमाग खांदे, आणि पाव्हणा त्यांच्या छातीला टम्म फुगलेला. हातात शिशाचा पट्टा. तो त्यांनी चाचांच्या दोराला अडकवून वर पाठवला.

काम संपलं होतं. पण आण्णा वर येईनात. ते पाण्यावर उताणे झाले, दोन्ही हात डोक्याखाली घेतले, पाय सोडले आणि नुसते तरंगत राहिले. तात्या म्हणाले, "काय झालं वो? काय दुखतंय का?" चाचांनी त्यांना हातानंच गप्प केलं. वाऱ्यानं आण्णा हळूहळू गोल फिरत होते, एकदा त्यांचं तोंड आमच्याकडं यायचं, एकदा पलीकडं. किती वेळ कोण जाणे. माय पुढं येत येत कठड्यापाशी पोचली होती. तिनं कठड्याचा दगड घट्ट धरला आणि खाली वाकून बघितलं. त्यांनी तिला बघितलं.

"दिसली का शिवण?" आण्णा खालून ओरडले. "येक टाका हललेला न्हाय."

मायनं डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात टाकून, सगळ्या लोकांसमोर, ती विहिरीत ओरडली, "पाव्हणा ताजातवाना हाय! आता या वर, माडगं निवतंय."

माडगं तिनं आणलंच नव्हतं. फडक्यात नुसती भाकरी होती.